तिऱ्हाइताने काय लिहिलंय?

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल वाचला. रात्री दीड वाजता पाठवलेला दिसतोय. एका उन्हाळी शिबिराच्या लेखापायी झोप घालवायला लागलीस, तर उद्या जिल्ह्यातल्या पुढाऱ्यांच्या लेखांवरून भांडणं लागतील तेव्हा काय करशील?

तुझा घोळ मला कळला. गावातलं कला-शिबिर, दर मे महिन्यात शाळेच्या हॉलमध्ये भरणारं, बरीच वर्षं चाललेलं. चित्रं, मातीकाम, मुखवटे, शेवटच्या दिवशी नाटुकलं. कुणीतरी त्याच्यावर मराठी विकिपीडियात लेख टाकला, दुसऱ्या कुणीतरी वर ‘उल्लेखनीयता?’ अशी पाटी डकवली आणि चर्चापानावर तुला मत विचारलं. तू खालचे सगळे संदर्भ उघडून वाचलेस. निम्मे लोक एवढंही करत नाहीत, शीर्षक बघून कौल देऊन मोकळे होतात. पण वाचून तुझा गोंधळ वाढला, कारण शिबिर खरंच चांगलं आहे आणि लहानपणी तू स्वतः तिथे गेलेली आहेस. ‘काढा’ लिहायला हात उचलत नाही आणि ‘राहू द्या’ लिहायला मन धजत नाही.

आता ऐक. शिबिर चांगलं की वाईट, हे तुला कुणी विचारलेलंच नाही. त्याच्यावर कोशात स्वतंत्र नोंद असावी का, एवढंच विचारलंय. आणि त्याचं उत्तर शोधायचा माझ्याकडे एकच मार्ग आहे. तो मी या पत्रात इतक्यांदा सांगणार आहे की तू वैतागशील. तिऱ्हाइताने काय लिहिलंय ते बघ.

तिऱ्हाईत म्हणजे ज्याचं त्या शिबिराशी घेणं ना देणं. ज्याने तिथे शिकवलं नाही, ज्याची पोरं तिथे जात नाहीत, समारोपाला ज्याला शाल-श्रीफळ मिळालं नाही, ज्याच्या अंकाला संस्थेने जाहिरात दिली नाही. अशा माणसाने, आपणहून, चार ओळींपेक्षा जास्त, आणि छापण्याआधी कुणी संपादक वाचतो अशा ठिकाणी काय लिहिलंय? एकाने लिहून भागत नाही, निदान दोघांनी तरी. असेल तर नोंद होते, नसेल तर होत नाही. आपण स्थळाची चौकशी मुलाच्या आईकडे करतो का? ती कांदेपोहे छानच करते आणि मुलाचं कौतुकही मनापासूनच करते, तरी आपण शेजाऱ्यांना विचारतो, ऑफिसातल्यांना विचारतो.

तू पाठवलेले संदर्भ मी सगळे उघडले. एकेक घेऊ.

पहिला, संस्थेची स्वतःची वेबसाइट. सोड. तारखा, पत्ता, शिबिर कुठल्या साली सुरू झालं अशा निरुपद्रवी गोष्टींपुरती ती चालेल. नोंद टिकवायला तिचा काडीचा उपयोग नाही. दुसरा, ‘नावनोंदणी सुरू’ ही बातमी. ती जाहिरातच आहे, फक्त पैसे न देता छापलेली.

मग त्या तीन समारोपाच्या बातम्या. तुला त्या तीन वेगवेगळ्या पेपरांतल्या तीन बातम्या वाटल्या, नाही का? शेजारी शेजारी ठेवून वाच. तिन्हींत पहिलं वाक्य वेगळं आहे. एकाने ‘उत्साहात संपन्न’ म्हटलंय, दुसऱ्याने ‘थाटात समारोप’, तिसऱ्याने ‘बालकलाकारांनी जिंकली मने’. दुसऱ्या वाक्यापासून पुढे अक्षरन् अक्षर एक. मान्यवरांची नावं त्याच क्रमाने, बँकेचे चेअरमन आधी आणि मुख्याध्यापिका सगळ्यात शेवटी. आणि तिन्हींत छापलंय, ‘मुलांनी रंगविलेल्या मुखपट्ट्यांचे प्रदर्शन’. मुखपट्ट्यांचे! मुखवट्यांचे म्हणायचं असणार. तीन पेपरांतले तीन वार्ताहर आपापल्या बुद्धीने एकच चूक करतात, असं कधी होतं का? संस्थेतल्या कुणीतरी मोबाइलवर मजकूर टाइप केला, मोबाइलने त्याला हवा तो शब्द घातला, आणि तो मजकूर तीन वार्ताहरांना व्हॉट्सॲपवर गेला. त्यांनी वरचं वाक्य बदललं आणि पुढे पाठवला. मी त्या वार्ताहरांना नावं ठेवत नाही. तालुक्याच्या वार्ताहराला दिवसाला कितीतरी बातम्या द्याव्या लागतात आणि मानधन विचारशील तर तुला रडू येईल. पण त्या तीन बातम्या म्हणजे संस्थेच्याच तोंडचं एक निवेदन, तीनदा छापलेलं. तिऱ्हाईत तिथे कुणी नाही.

चौथी, रौप्यमहोत्सवी स्मरणिका. तिचे फोटो पाठवलेस ते बघून मजा आली. दोन पानी संपादकीय, आमदारांचा शुभेच्छा संदेश, सराफाची जाहिरात, मग माजी शिबिरार्थींच्या आठवणी. यातला एखाददुसरा लेख फार सुरेख उतरलाय, तो माती मळण्याबद्दलचा. तरीही ती स्मरणिका आहे. घरच्यांनी घरच्यांबद्दल लिहिलेलं.

पाचवी, त्या नामांकित नटाची मुलाखत. दोन पानांच्या मुलाखतीत एक वाक्य, की लहानपणी आपण या शिबिरात जात होतो. तू मेलमध्ये हे वाक्य ठळक करून पाठवलंयस. त्याने काय होतं? त्या नटाच्या लेखात ‘बालपण’ या विभागात शिबिराचं नाव जाईल, बस. तो नट मोठा झाला म्हणून त्याची शाळा, त्याची शिकवणी, त्याचा न्हावी हे सगळे कोशात येऊन बसत नाहीत. विकिपीडियावरही हे फार आधीच ठरलेलं आहे, मोठेपण एकाकडून दुसऱ्याकडे वारसाहक्काने जात नाही. नव्या लोकांना हे सगळ्यात जड जातं. तुलाही जातंय.

आणि सगळ्यात शेवटी, तळाला, जवळजवळ लाजत ठेवलेला तो शैक्षणिक मासिकातला लेख. लिहिणाऱ्या बाई दुसऱ्या जिल्ह्यातल्या शिक्षिका. शिबिर बघायला आल्या, तीन दिवस मागच्या बाकावर बसून राहिल्या, आणि शिबिराने बक्षिसं देणं का बंद केलं, त्यावर पालक कसे चिडले, पुढच्या वर्षी संख्या कशी घटली आणि नंतर पोरांच्या चित्रांत काय बदल दिसला, हे सहा पानं लिहिलं. त्यात टीकाही आहे. फी परवडत नाही म्हणून वस्तीतली मुलं येत नाहीत, हे त्यांनी सरळ लिहिलंय. अगं, हाच तर संदर्भ! बाकीचे सगळे मिळून जे करू शकत नाहीत ते हा एकटा करतो. आणि तू त्याला तळाला टाकलंस, का तर मासिक कुणाला माहीत नाही आणि नट सगळ्यांना माहीत आहे. या एका गोष्टीवर मात्र मला तुझा राग आला.

तर तिऱ्हाईत एक सापडला. एक पुरत नाही. विकिपीडियाची साधी अपेक्षा अशी की विषयाशी संबंध नसलेल्या, भरवशाच्या, एकाहून जास्त ठिकाणी त्यावर भरीव लिहिलेलं असावं. संस्था आणि कंपन्यांच्या बाबतीत इंग्रजी विकिपीडिया आणखी कडक आहे. नुसतं गावच्या पेपरात येऊन भागत नाही, निदान एक तरी स्रोत गावाबाहेर वाचला जाणारा लागतो. मराठीत आपण एवढं ताणत नाही, ताणलं तर निम्मा महाराष्ट्र कोशाबाहेर जाईल. पण एका पायावर नोंद उभी करू नये, हे मी मराठीतही सोडत नाही.

तुला वाटेल, मग शिबिरांवर नोंदी होतच नसतील. होतात की. अमेरिकेत मिशिगन राज्यात इंटरलॉकन नावाची जागा आहे. जोसेफ मॅडी या संगीतशिक्षकाने १९२८ साली तिथे शाळकरी मुलांच्या वाद्यवृंदाचं उन्हाळी शिबिर सुरू केलं. पुढे नृत्य, नाटक, चित्रकला आली आणि १९६२ पासून वर्षभराची कलाशाळाही. त्यावर नोंद आहे आणि कुणीही ती काढा म्हणणार नाही. मुलं छान वाजवतात म्हणून? छान तर कितीतरी शिबिरांतली मुलं वाजवत असतील. १९४२ च्या उन्हाळ्यात तिथल्या मुलांचे कार्यक्रम रेडिओवरून देशभर प्रसारित व्हायचे होते. वादकांच्या संघटनेचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांनी ते प्रसारण बंद पाडलं. पोरं फुकट वाजवणार, मग आमच्या पोटाचं काय, असा त्यांचा सवाल. त्यावरून रान उठलं, प्रकरण काँग्रेसपर्यंत, म्हणजे तिथल्या संसदेपर्यंत गेलं, आणि १९४६ साली पेट्रिलोंना आवर घालणारा कायदाच झाला. आता विचार कर, त्या चार वर्षांत ज्यांनी ज्यांनी त्या शिबिराबद्दल लिहिलं, त्यातल्या कितीजणांचं पोर तिथे क्लॅरिनेट शिकत असेल? वार्ताहर, खासदार, वकील, संघटनावाले, सगळे तिऱ्हाईत. काहींना तर ते शिबिर डोळ्यांसमोर नको होतं. नोंदीला असे लोक फार उपयोगी पडतात.

न्यूयॉर्कच्या कॅट्सकिल डोंगरात स्टेजडोर मॅनर म्हणून नाटकाचं शिबिर आहे, १९७५ पासूनचं. नटी नॅटली पोर्टमन लहानपणी तिथे गेली होती हे लोक चवीने सांगतात. माझ्या लेखी त्याला किंमत नाही. किंमत आहे ती याला, की एका पत्रकाराने तिथल्या एका उन्हाळ्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, ते २०१० साली बाहेर आलं. बाहेरचा माणूस, त्याचा वेळ, त्याचा प्रकाशक.

आपल्याकडेही बघ. आविष्कार या नाट्यसंस्थेच्या चंद्रशाला या बालरंगभूमीच्या शाखेत सुलभा देशपांड्यांनी मुलांना घेऊन जे काम केलं, त्यातून ‘दुर्गा झाली गौरी’ हे नाटक आलं, त्यावर परीक्षणं आली, लोक अजून लिहितात. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने १९८९ साली मुलांसाठी संस्कार रंग टोली काढली, ती उन्हाळ्यात दिल्लीत मुलांच्या कार्यशाळा घेते. तिच्याबद्दलही बाहेरच्यांनी लिहिलेलं शोधलं तर मिळतं. हे सगळं तुझ्या गावच्या शिबिरापेक्षा ‘श्रेष्ठ’ आहे असं मी म्हणत नाहीये, कृपा करून तसं वाचू नकोस. तिथे तिऱ्हाईत पोचले. तुझ्या गावात एक शिक्षिका पोचल्या.

आता तुझे आक्षेप. तुझ्या मेलमध्ये तीन आहेत, त्यातला एकच मला विचार करायला लावणारा वाटला.

‘इंटरनेटवर जागेची काय कमी आहे, राहू दे की एक लेख.’ हा आक्षेप मला दरवर्षी कुणीतरी नव्याने ऐकवतं, जणू आपल्यालाच पहिल्यांदा सुचलंय. केतकरांना ज्ञानकोशाच्या २३ खंडांसाठी कागदाची चिंता होती. आपल्याला नाही, कबूल. पण प्रश्न जागेचा कधीच नव्हता. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोश तयार झाला, १९७६ साली पहिला खंड आला. त्यातली कुठलीही मोठी नोंद काढ, तळाशी लिहिणाऱ्याचं नाव असतं. ती नोंद त्या माणसाच्या व्यासंगावर उभी असते. चूक निघाली तर कुणाला धरायचं ते ठाऊक असतं. विकिपीडियावर तू आणि मी कोण? टोपणनावं. उद्या मी तिथे लिहिलं की अमुक शिबिरात १,००० मुलं येतात, तर माझा शब्द कुणी का मानावा? मानू नयेच. म्हणून तिथे नावाच्या जागी संदर्भ असतो. आणि तो संदर्भही शिबिरवाल्यांचाच असेल, तर ‘आम्ही फार थोर आहोत’ असं आम्हीच लिहिलं आणि खाली सही आमचीच, एवढंच झालं.

दुसरा आक्षेप, ‘कुणाचं काय नुकसान होतंय?’ होतं. हे शिबिर मुलांचं आहे, हे विसरलीस. मे महिना जवळ आला की आई-बाप पोराला कुठे गुंतवायचं म्हणून शोधायला लागतात, आणि शोधल्यावर वर काय येतं? विकिपीडिया. लोकांना तो सरकारी दाखल्यासारखा वाटतो. मी एका शिबिराचं पत्रक पाहिलंय, त्यावर लाल अक्षरात छापलं होतं, ‘विकिपीडियावर नोंद असलेले एकमेव’. ज्या नोंदीत फक्त संस्थेने स्वतःबद्दल सांगितलेलं आहे, तिच्यात तक्रार येणार कुठून? एखाद्या वर्षी काही वावगं घडलं तर ते कोण लिहिणार? त्या शिक्षिकेने फीबद्दल लिहिलं तसं बाहेरच्याच कुणीतरी लिहायला हवं. नुसत्या कौतुकाची नोंद आई-बापांची दिशाभूल करते, आणि ती आपण आपल्या हाताने केलेली असते.

हे लिहिता लिहिता आठवलं. त्या लेखात बक्षीस मिळवलेल्या मुलांची नावं आहेत, शाळेच्या इयत्तेसकट. नोंद राहो वा जावो, ती नावं तू आजच्या आज काढ. चर्चेची वाट बघू नकोस.

तिसरा आक्षेप डोना स्ट्रिकलंडचा. तो मात्र बिनतोड आहे असं तुला वाटतंय, आणि बऱ्याच जणांना वाटतं. २०१८ च्या मे महिन्यात इंग्रजी विकिपीडियावर या बाईंच्या नोंदीचा मसुदा अपुऱ्या संदर्भांमुळे परत पाठवला गेला, आणि २ ऑक्टोबरला त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. जगभर हसं झालं. तेव्हापासून मी कुठल्याही नोंदीला नाही म्हटलं की कुणीतरी स्ट्रिकलंडबाईंना माझ्या अंगावर सोडतं. नीट बघ की तिथे काय चुकलं. त्या आधीच ऑप्टिकल सोसायटी या प्रकाशशास्त्राच्या संस्थेच्या अध्यक्ष होऊन गेल्या होत्या, त्यांच्या कामाची दखल इतरांनी कधीच घेतलेली होती. तिऱ्हाइतांनी लिहिलेलं बाहेर पडलेलं होतं, ते त्या मसुद्यात आलं नव्हतं, एवढंच. नियम असा आहे की संदर्भ जगात कुठेही असला तरी चालतो, लेखात आज दिसलाच पाहिजे असं नाही. मग ‘नाही’ म्हणणाऱ्याने आधी शोधावं. आळशीपणे ‘नाही’ म्हणणं आणि शोधून ‘नाही’ म्हणणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मराठीत तर जास्तच, कारण आपलं बहुतेक छापील लिखाण अजून कपाटांत आणि माळ्यांवर पडून आहे. गूगलवर सापडत नाही म्हणजे नाही, असं जो मराठी विषयाबद्दल म्हणतो त्याला मी चर्चेला बसवत नाही.

मला तिकडे खोडरबर म्हणतात, तुझ्या कानावर आलंच असेल. म्हणू देत. मी ज्या नोंदींना विरोध केला त्या प्रत्येकीसाठी आधी ग्रंथालयात गेलो. कितीदा तिथून संदर्भ घेऊनच परत आलो आणि नोंद वाचवली, ते मात्र कुणी सांगत नाही.

आता तुला एक सांगतो, कारण तू विचारलंयस, ‘काका, तुम्हाला कधी जवळच्या माणसाबद्दल असं ठरवावं लागलं का?’

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणायचो. तीही असंच शिबिर चालवायची. परीक्षा संपल्या की शाळेचे दोन वर्ग मागून घ्यायची आणि गल्लीतली पोरं गोळा करायची. तिची खासियत मुखवटे. वर्षभर रद्दी साठवायची, ती टबात भिजत घालायची, पोरांकडून कुटून घ्यायची. त्या लगद्यात खळ आणि मेथीची पूड. मेथी घातली की कीड लागत नाही आणि लगदा चिवट होतो. आठ-पंधरा दिवस घराला मेथीचा कडवट वास. मडक्यावर लगदा थापायचा, वाळला की सोडवायचा, मग रंग. रावण सगळ्यांना हवा असायचा, मारुतीवरून भांडणं. एका पोराने एकदा स्वतःच्या हेडमास्तरांचा मुखवटा केला होता, अक्काने तो मुद्दाम मधोमध टांगला.

मी विकिपीडियावर लिहायला लागलो, ते तिला समजलं तेव्हा तिने विचारलं, ‘तुझ्या त्या कोशात माझ्या शिबिराच्या दोन ओळी नाहीत का रे?’ मी तिला हेच सांगितलं जे तुला सांगतोय. बाहेरच्या कुणी लिहिलेलं नाही, आणि मी तुझा भाऊ, मी लिहिलं तर ते कोशाला बट्टा. ती म्हणाली, ‘मग एखादा बाहेरचा गाठ की. तुझी एवढी ओळख आहे पेपरात.’

मी कुणाला गाठलं नाही. आपल्या माणसासाठी शब्द टाकणं मला कमीपणाचं वाटायचं, अजूनही वाटतं. ते बरोबर की चूक याचा हिशेब मला आजतागायत लागलेला नाही. ‘येऊन बघा, मग वाटलं तर लिहा, नावं ठेवलीत तरी चालेल’ एवढं म्हणण्यात काय गैर होतं, असं कधी वाटतं. दुसऱ्या दिवशी वाटतं, भीड घातल्यावर तो माणूस तिऱ्हाईत राहिला असता का? अक्का गेल्यावर घर आवरलं, तेव्हा मुखवटे उंदरांनी खाल्लेले निघाले, मेथी असूनही. तिच्या शिबिराबद्दल आता कुठेच काही नाही. या चार ओळी सोडल्या तर. आणि याही चालणार नाहीत, कारण या भावाने लिहिल्यात.

पण नोंद केली नाही त्याचं मला काही वाटत नाही. हे तू नीट समजून घे, कारण माझी भाची आजही समजून घेत नाही. तिच्या मते मी जगभरच्या लोकांना कोशात घेतलं आणि आईला दारात उभं केलं. अगं, अक्काचं शिबिर घेतलं असतं तर त्यानंतर मी कुठल्या तोंडाने कुणाला नाही म्हणणार होतो? साखर कारखान्याच्या चेअरमनच्या मेहुण्याच्या गायन क्लासला? जो नियम बहिणीला लागू होत नाही तो कुणालाच लागू होत नाही. आणि तिचं मोठेपण माझ्या नोंदीवर अवलंबून होतं असं ज्यांना वाटतं, त्यांना अक्का कळलीच नाही.

असो. फार लांबलं. तुझ्या कामाचं बोलू.

चर्चापानावर जाशील तेव्हा पहिल्या ओळीत लिही की लहानपणी तू या शिबिरात होतीस. दुसऱ्या कुणी ते शोधून काढण्याआधी तूच लिही. मग एकेका संदर्भाबद्दल एकेक ओळ, मी वर लिहिलंय तसं, पण तुझ्या शब्दांत. माझा राग त्यात उतरवू नकोस. तीन बातम्यांतली समान चूक जरूर दाखव, त्याने चर्चा लवकर मिटते. मासिकातल्या लेखाबद्दल मात्र सविस्तर लिही, त्यात काय आहे ते सांग. ‘राहू द्या’वाले दहा आणि ‘काढा’वाले दोन असले म्हणून घाबरू नकोस, तिथे डोकी मोजत नाहीत, निदान मोजू नयेत. आणि संस्थेतले लोक नव्याने खाती उघडून ‘अतिशय स्तुत्य उपक्रम’ असं लिहायला येतील. त्यांच्यावर ओरडू नकोस. त्यांना सांग, प्रशस्ती नको, तुमच्याबद्दल बाहेरच्यांनी लिहिलेली जुनी कात्रणं असतील तर द्या. अशा लोकांच्या घरी फायलीत कधी कधी सोनं सापडतं.

आणि ‘काढा’ की ‘राहू द्या’ यातच अडकू नकोस. तिसरी वाट आहे. आज एका भक्कम संदर्भावर स्वतंत्र नोंद उभी राहत नाही, पण गावाच्या लेखात सांस्कृतिक जीवनाच्या विभागात तीन-चार वाक्यं नक्की राहतात. शिबिर कधीपासून भरतं, बक्षिसं बंद केली ती गोष्ट, फीबद्दलची टीका. खाली त्या शिक्षिकेच्या लेखाचा संदर्भ. शिबिराच्या नावाचं पान तिकडे पुनर्निर्देशित कर, म्हणजे शोधणारा तिथे पोचेल आणि जुना मजकूर पानाच्या इतिहासात शाबूत राहील. सध्याचा लेख स्वतःच्या धूळपाटीवर, म्हणजे तुझ्या खात्यातल्या कच्च्या पानावर, उतरवून ठेव. दुसरा तिऱ्हाईत सापडला की पुन्हा उभा कर, पाठिंबा द्यायला मी येईन.

तो सापडेल असं मला वाटतंय, म्हणून तर एवढं लिहितोय. बक्षिसं बंद केल्यावर पालक चिडले होते ना? मग त्या वर्षी कुणीतरी पेपरात पत्र लिहिलं असणार, आणि त्याला उत्तरही आलं असणार. वाचकांच्या पत्रांना नोंदीच्या दृष्टीने वजन नाही, पण वादात एखाद्या रविवार पुरवणीने उडी घेतली असेल तर तो लेख आपल्या कामाचा. मासिकातल्या लेखावरून साल काढ आणि नगर वाचनालयात त्या वर्षीच्या बांधीव फायली माग. मे महिन्यापासून सुरुवात करू नकोस, मे मध्ये सगळ्या समारोपाच्या बातम्याच भेटतील. पालकांचा राग जून-जुलैत छापला जातो, शाळा सुरू झाल्यावर. सावकाश पुरवण्या चाळ, मुख्य अंकात वेळ घालवू नकोस. मोबाइलने फोटो घेताना पानाचा वरचा भाग, तारीख आणि पृष्ठक्रमांक दिसेल असा घे. नाहीतर घरी येऊन बसशील की हे कुठल्या दिवशीचं. आणि जाण्याआधी ग्रंथपालांना फोन कर. जुन्या फायली माळ्यावर असतात, त्या काढायला शिपाई लागतो, आणि तो जेवायला गेला की चारच्या आत उगवत नाही.

तुझा,
काका